गुळाच्या गाड्या

(पडद्यावर: अंगणात चार खुर्च्या, मध्ये स्टुलावर चहाचे कप. एका म्हाताऱ्याच्या मांडीवर हातभर लांबीची लोखंडी पहार.)

हे चौघं एकेकाळी कोल्हापूरच्या एका ट्रान्सपोर्टवर गाडी चालवायचे. शाहूपुरीत गूळ भरायचा, रातोरात पुणं गाठायचं, दुसऱ्या दिवशी मुंबईत मशीद बंदराला खाली करायचा. नाहीतर तसंच पुढं, तलासरी ओलांडून वापी, सुरत, अहमदाबाद. डावीकडून दुसरे, टोपीवाले, ते माझे वडील. आम्ही त्यांना आबा म्हणतो. बाकीचे तिघं मला कळायला लागल्यापासून काकाच.

मांडीवरची पहार म्हणजे टॉमी. चाक खोलताना पान्याला जोर द्यायला, जॅक फिरवायला ती लागते. पण तिचं खरं काम वेगळंच होतं. ट्रकला मागं दोन्ही बाजूंना जोडचाकं असतात. आतलं चाक बसलं तर बाहेरून पटकन कळत नाही. मग सगळा भार बाहेरच्या टायरवर येतो, तो तापतो आणि भर रस्त्यात फुटतो. म्हणून गाडी कुठंही थांबली की चहाच्या आधी किन्नरानं, म्हणजे ड्रायव्हरच्या हाताखालच्या पोरानं, खाली उतरायचं आणि सहाही चाकं टॉमीनं वाजवायची. हवा भरलेली असेल तर टॉमी उडी मारते, हाताला झटका देते. हवा कमी असेल तर धप्प आवाज येतो, टॉमी तिथंच बसते.

(आवाज: टायरवर टॉमी. एकदा. परत एकदा.)

आबा किन्नर म्हणून गाडीवर चढले ते १९६९ साली. वय चौदा. त्यांच्या उस्तादांनी पहिलं वर्षभर त्यांना स्टिअरिंगला हात लावू दिला नाही. चाकं वाजवायची, जोडचाकांच्या सांदीत अडकलेला दगड काढायचा, काच पुसायची, आणि उस्ताद जागे आहेत तोवर झोपायचं नाही. "हवा ऐकायची असती पोरा, बघायची नस्ती." हे उस्तादांचं वाक्य आबा आजही त्यांच्याच सुरात म्हणून दाखवतात.

टाटांचा जर्मनीच्या डेमलर-बेंझशी १९५४ साली झालेला करार त्याच १९६९ मध्ये संपला. तरी आमच्या ट्रान्सपोर्टवर पुढं कितीतरी वर्षं गाडीला 'मर्सिडीज'च म्हणत. नंतर आबांच्या हातात आली ती टाटा १२१०. सगळे तिला बारा-दहा म्हणायचे. तिचं इंजिन अर्धं केबिनच्या आत. त्यावर बोनेट, बोनेटवर गोधडी, गोधडीवर किन्नर. थंडीत ती जागा भाग्याची. उन्हाळ्यात मात्र ड्रायव्हरची डावी पोटरी भाजून निघायची. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा झाला. ती बातमी मी या अंगणात वाचून दाखवली तेव्हा चौघांचेही चेहरे उजळले. एक काका म्हणाले, "पोरांचं बरं झालं."

(पडद्यावर: गुळाचा रवा, सुरीनं छिलताना.)

शाहूपुरी ही शाहू महाराजांनी १८९५ साली वसवलेली व्यापारपेठ. उसाचे गुऱ्हाळ सुरू झाले की थंडीभर तिथं गाड्यांची रांग असायची. रवा म्हणजे गुळाची ढेप, एक तीस किलोची. नऊ टनांच्या गाडीत असे तीनशे. गुळाला ओल लागली तर तो पाझरतो, ऊन लागलं तर सुटतो. म्हणून ताडपत्री ओढून दोर आवळणं हे ड्रायव्हरनं स्वतः बघायचं काम. हौद्याच्या एका कडीतून दोर घ्यायचा, वरून पलीकडं टाकायचा, पलीकडून किन्नरानं पायानं फाळका रेटून ओढायचा. आबांच्या उजव्या तळव्यावर आडवी एक रेघ आहे. ज्योतिषाला दाखवली तर तो काहीतरी मोठं सांगेल. ती दोराची आहे.

गाडी भरली की दिवाणजी बिल्टी, म्हणजे मालाची पावती, फाडायचे. कार्बन घालून तीन प्रती. एक माल पाठवणाऱ्याची, एक माल घेणाऱ्याची, एक गाडीबरोबर. त्यावर मालाचं नाव, नग, वजन, भाडं, हमाली, गाडीचा नंबर. गाडीबरोबरची प्रत आबा पत्र्याच्या डब्यात ठेवायचे. डब्यात लायसन, बिल्ला, थोडा सुपारीचा तुकडा आणि अंबाबाईचा फोटो. बिल्टी हरवली तर गाडीतला माल कुणाचाच नाही, असं ते मला सांगायचे. लहानपणी मला ते फार भीतीदायक वाटायचं.

रस्ता कसा होता ते मी चौघांनाही विचारलं. चौघांनी चार तऱ्हांनी सांगितलं, पण गावं त्याच क्रमानं आली. पेठ नाका, कराड, उंब्रज, सातारा. मग खंबाटकी. तेव्हा बोगदा नव्हता, जाणारी-येणारी सगळी वाहनं त्याच एका घाटातून. शिरवळ, कात्रजचा जुना बोगदा, पुणं. आणि शहराच्या वेशीवर जकात नाका. माल शहरात उतरणार नसला तरी पारगमनाची पावती घ्यावी लागायची, आणि त्या पावतीसाठी गाड्यांची रांग कधी कधी अर्धा-अर्धा दिवस हलायची नाही. त्या रांगेत भात शिजायचा, दाढ्या व्हायच्या. एका काकांना मुलगा झाल्याचा निरोप तिथंच, समोरून येणाऱ्या गाडीच्या ड्रायव्हरनं दिला. ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात फोन होता, घरी नव्हता. म्हणून निरोप असेच यायचे, या गाडीच्या खिडकीतून त्या गाडीच्या खिडकीत. माझ्या आईला आबा कुठंवर पोचले ते मुंबईहून परतलेल्या दुसऱ्याच कुणा ड्रायव्हरकडून कळायचं. मुंबईची जकात १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा गेली. तोवर हे चौघं घरी बसले होते.

१९७३ साली वाशीचा खाडीपूल झाला. त्याआधी पनवेलहून मुंब्रा, ठाणं असा वळसा घालून मुंबईत शिरावं लागायचं.

पण या रस्त्यावरचं सगळं बोलणं शेवटी एकाच ठिकाणी येऊन थांबतं. बोरघाट.

(पडद्यावर: खंडाळ्याहून खोपोलीकडं उतरणारा जुना रस्ता. निवेदनाआधी काही क्षण शांतता.)

कोल्हापूरहून येणाऱ्या भरल्या गाडीला हा घाट उतरायचा असतो, आणि चढण्यापेक्षा उतरणं अवघड. नियम एकच होता. ज्या गिअरमध्ये घाट चढावा लागतो, त्याच गिअरमध्ये तो उतरायचा. मग इंजिनच गाडीला धरून ठेवतं आणि ब्रेकवर अधूनमधून नुसता पाय टेकवला तरी पुरतो. गाडी न्यूट्रल केली की नऊ टन गुळाचा सगळा रेटा एकट्या ब्रेकवर येतो. लायनर तापतात, जळका वास येतो, आणि मग पाय पूर्ण दाबला तरी गाडी ऐकत नाही. हे प्रत्येक ड्रायव्हरला माहीत होतं. तरी माणसं न्यूट्रल करायची. कारण मालकानं डिझेलचं अ‍ॅव्हरेज ठरवून दिलेलं असायचं. त्याच्यापेक्षा जास्त जळलं तर पगारातून कापलं जायचं, कमी जळलं तर चार पैसे सुटायचे. घरात शाळेची फी, औषधपाणी, सगळं त्या चार पैशांवर.

समोर उजवीकडं बसलेले काका हे स्वतः सांगतात. कॅमेरा चालू असताना सांगू का, असं मला विचारून सांगतात. संक्रांतीच्या आधीचा आठवडा होता, गुळाला मागणी होती, दोन रात्री जागरण झालं होतं. त्यांनी उतारावर गिअर काढला. दोन वळणं बरी गेली. तिसऱ्याला वास आला. पुन्हा गिअर टाकायला गेले, पण त्या वेगात जुन्या गिअरबॉक्सला डबल क्लच मारूनही गिअर पडला नाही, नुसते दात वाजले. अशा वेळी करायचं काय, तेही शिकवलेलं होतं. दरीकडं जाऊ द्यायची नाही, गाडी डोंगराला घासायची. त्यांनी घासली. डोंगर डाव्या हाताला होता. किन्नर डावीकडंच बसतो.

पोरगं सोळा वर्षांचं. त्याला पनवेलला नेलं. डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला.

दुसऱ्या दिवशी मालकाचा माणूस आला. त्यानं रस्त्यात पडलेले रवे मोजले, दुसऱ्या गाडीत भरले आणि बिल्टीच्या मागं लिहिलं, इतके नग कमी. तेवढ्या नगांचे पैसे काकांच्या हिशेबातून पुढं दीड वर्ष कापले गेले. पोराचं नाव कुठंच लिहिलेलं नव्हतं, कारण ते ट्रान्सपोर्टच्या वहीत कधी चढलंच नव्हतं. किन्नर ड्रायव्हरनं आपल्या भत्त्यातून ठेवायचा, अशी रीत होती. काका आजही वर्षातून एकदा त्याच्या गावी जातात. तो आता पिठाची गिरणी चालवतो. जेवल्याशिवाय सोडत नाही, म्हणतात.

(पडद्यावर: काका. मागं कोंबड्यांचा आवाज. इथं निवेदन नाही.)

मी कायदे शोधत बसले. मोटार वाहतुकीतल्या कामगारांसाठी केंद्राचा १९६१ चा कायदा होता, नोव्हेंबर २०२५ पर्यंत. दिवसाला आठ तास, लांब पल्ल्याला फार तर दहा. मी तो वाचून दाखवला तेव्हा आबांनी विचारलं, "आठ तासांत सातारा सोडून किती लांब जातंय?" त्यांना खरंच हिशेब करायचा होता. वाटेतला नाका, पंक्चर, घाटातली कोंडी धरून त्यांनी बोटांवर मोजलं आणि गाडी पुण्याच्या अलीकडं उभी केली.

आबा गाडीवर चढले त्याच १९६९ साली मुंबईच्या हमालांनी, अण्णासाहेब पाटलांच्या मागं उभं राहून, माथाडी कायदा मिळवला. मंडळं झाली. मशीद बंदरात आमची गाडी खाली करणाऱ्या हमालाची नोंद झाली, त्याला फंड मिळू लागला. त्याच्यासाठी फाळका उघडून देणारा ड्रायव्हर मात्र तसाच राहिला. मला हमालांचा हेवा वाटत नाही. त्यांनी झगडून मिळवलं. ते एका धक्क्यावर, एका ठिकाणी रोज भेटत होते. आमच्या ट्रान्सपोर्टचे सगळे ड्रायव्हर एका वेळी एका जागी आलेत, असं मात्र फक्त दसऱ्याला, गाड्यांच्या पूजेला व्हायचं. आणि त्या दिवशी मालक पेढे वाटायचा.

येताना मुंबईहून रिकामं यायचं नाही. दारूखाना भागातून भंगार, नाहीतर शिरोलीच्या आणि उद्यमनगरच्या फाउंड्र्यांसाठी बिडाचं लोखंड. गूळ घेऊन जायचं, लोखंड घेऊन यायचं. गूळ दिसायला उंच आणि गाडीला गोड, लोखंड दिसायला हौद्याच्या तळाशी आणि पाटे मोडणारं. हे आबांचे शब्द.

एक खेप मात्र चौघंही अभिमानानं सांगतात, एकमेकांचं वाक्य तोडत. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. गणपती नुकतेच बोळवले होते. तिसऱ्या दिवशी गल्लीतून चादरी, ज्वारी, भांडी गोळा झाली आणि या चौघांनी दोन गाड्या काढल्या. मालकानं गाड्या दिल्या, डिझेलचे पैसे घेतले नाहीत, हेही सांगायला हवं. सांगली, पंढरपूर, सोलापूर, उमरगा. वाटेत कुठल्याच नाक्यावर त्यांना कुणी कागद विचारला नाही. सगळ्या आयुष्यात बिल्टी न फाडता नेलेला तो एकच माल. आबा म्हणाले, तिथं उतरून घ्यायलाही माणसं नव्हती, आम्हीच उतरवला.

पुढं भावाभावांत वाटण्या झाल्या आणि ट्रान्सपोर्ट बंद पडलं. गाड्या विकल्या. वह्या रद्दीत गेल्या.

२०२१ साली असंघटित कामगारांसाठी ई-श्रम कार्ड निघालं. मी उत्साहानं आबांना घेऊन केंद्रावर गेले. वयाची अट सोळा ते एकोणसाठ. आबा सहासष्ट. कॉम्प्युटरवरच्या मुलानं मान हलवली. आबांनी पत्र्याचा डबा सोबत आणला होता. त्यात लायसन, पितळी बिल्ला आणि घड्या पडून फाटत आलेली एक बिल्टी. गूळ, नग तीनशे. गाडीचा नंबर आहे, माल घेणाऱ्याची सही आहे. त्यांनी ती त्या मुलापुढं ठेवली. मुलानं ती नीट वाचली, दोन्ही हातांनी परत दिली आणि म्हणाला, "बाबा, यात तुमचं नाव कुठाय?"

(पडद्यावर: ती बिल्टी. अक्षरं वाचता येतील इतक्या जवळून.)

या फिल्मचं शेवटचं चित्रण गेल्या महिन्यातलं. मी गाडी चालवत होते, आबा शेजारी. मुंबईला जायचं होतं. एक्स्प्रेसवेनं चाललो होतो, पण खंडाळ्याच्या पुढं आबा म्हणाले, जुन्या रस्त्यानं घे. अमृतांजन पूल होता ती जागा मागं गेली. १८३० सालचा पूल, एप्रिल २०२० मध्ये पाडला. आबांनी तिथं काच खाली करून वर बघितलं. त्या पुलाखाली आलं की गिअर उतरवायचा, ही त्यांची खूण होती.

मग मला म्हणाले, "दुसरा टाक." मी टाकला.

घाटात शिंग्रोबाचं देऊळ आहे. त्याची गोष्ट आमच्याकडं लहान पोरालाही ठाऊक. शिंग्रोबा धनगर. इंग्रजांना या डोंगरातून वाट सापडत नव्हती, ती त्यानं दाखवली. बक्षीस काय हवं, असं विचारल्यावर म्हणाला, देशाला स्वातंत्र्य द्या. त्यांनी त्याला गोळी घातली. तेव्हापासून घाटातून जाणारा ड्रायव्हर त्याला नाणं वाहतो. घाईत असला तर चालत्या गाडीतून टाकतो.

आबांनी गाडी थांबवायला सांगितली. उतरले, चप्पल काढली, नाणं ठेवलं, हात जोडले. बराच वेळ उभे होते. मग परत येताना सरळ दाराकडं आले नाहीत. माझ्या गाडीला मागून वळसा घातला, आणि चाराही चाकांना एकेक करून पायानं ठोकलं. मागच्या डाव्या चाकाशी थांबले. परत ठोकलं.

"हे मऊ लागतंय."

खोपोलीत पंपावर हवा बघितली. कमी होती.