गिटार कंपनीची, गाणं कुणाचं?

मित्रांनो, आजचा विषय ऐकून वाटेल की दोन वेगळ्या गोष्टी एकत्र बांधल्यात. एकीकडे गिटारवाले भेटले की तासन्‌तास चालणारा गिअरचा, म्हणजे वाद्य आणि सामानाचा विषय, कुठला पिकअप (तारांचा कंप विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारा भाग), कुठला अँप (आवाज मोठा करणारं यंत्र), कुठलं पेडल (पायाने दाबून आवाज बदलायची डबी) आधी नि कुठलं नंतर, आणि दुसरीकडे रॉकवाल्यांचं मोठ्या कंपन्यांशी असलेलं नातं, ज्यावर लोक लगेच तापतात आणि 'विकला गेला' म्हणून मोकळे होतात. मला हे दोन विषय वेगळे वाटत नाहीत. आणि 'कंपनीचे पैसे घेतले का' एवढंच विचारून काही हाती लागत नाही, पैशाच्या बदल्यात नेमकं काय दिलं ते बघायला हवं.

इलेक्ट्रिक गिटार हे वाद्यच मुळात कारखान्यात जन्माला आलंय. लिओ फेंडर हा रेडिओ दुरुस्त करणारा माणूस, त्याला गिटार वाजवता यायची नाही, शेवटपर्यंत आली नाही. पण वाजवणाऱ्यांना काय त्रास होतो हे तो नीट ऐकून घ्यायचा, आणि १९५० साली त्याने जी सॉलिड बॉडीची, म्हणजे भरीव लाकडाची गिटार बाजारात आणली, जिला पुढे टेलिकास्टर म्हणायला लागले, तिचा नेक, म्हणजे बोटं फिरतात ती लांब दांडी, सरळ स्क्रूने जोडलेला होता, म्हणजे बिघडला तर काढा आणि दुसरा लावा. १९५२ ला गिब्सनने लेस पॉल आणली, तीसुद्धा एका नामांकित गिटारिस्टचं नाव लावून, म्हणजे सिग्नेचर मॉडेलचा धंदा आजकालचा नाही, सॉलिड बॉडी गिटारच्या जवळजवळ बरोबरीचा आहे. १९५४ ला फेंडरची स्ट्रॅटोकास्टर, म्हणजेच स्ट्रॅट आली. तेव्हा ज्याला 'शुद्ध', धंद्याचा वारा न लागलेला रॉक हवाय त्याने हे लक्षात घ्यावं की हातातली गिटारच एका कंपनीच्या हिशेबातून आलेली आहे.

आता गिअरच्या आवडीनिवडी कशा तयार होतात बघा. १९६५ च्या जानेवारीत लिओ फेंडरने आपली कंपनी सीबीएसला १३ मिलियन डॉलरला विकली, रेडिओ-टीव्हीवाली मोठी कंपनी ती, आणि तेव्हापासून गिटारच्या जगात 'प्री-सीबीएस', म्हणजे त्या विक्रीच्या आधीची, असा शब्दच पडला. १९६४ ची स्ट्रॅट म्हटली की किंमत कुठल्या कुठे, आणि सत्तरच्या दशकातली म्हटली की लोक नाक मुरडणार. यात तथ्य नाही असं नाही, त्या काळात उत्पादन वाढवायच्या नादात काम सैल झालं, नेक चारऐवजी तीन स्क्रूंवर आला आणि बऱ्याच गिटारींचा नेक जागेवरून हलायचा. शेवटी १९८५ ला कंपनीतल्याच लोकांनी मिळून ती परत विकत घेतली. पण मला यातली मजेची गोष्ट वेगळी वाटते, ती म्हणजे आपण ज्याला 'टोन' म्हणतो, कानाची गोष्ट म्हणतो, त्यातला एक मोठा भाग मुळात कंपनीची मालकी कधी बदलली याच्या तारखेवर बसलेला आहे. प्रत्येक ६४ ची गिटार काही गात नसते, आणि ७४ ची प्रत्येक गिटार भंगार नसते, हातात घेऊन वाजवल्याशिवाय कळायचं नाही.

लेस पॉलचं तर त्याहून भारी. १९५८ ते ६० मधली सनबर्स्ट (कडेला गडद होत जाणाऱ्या रंगाची) लेस पॉल, जिच्यासाठी आज लोक घराएवढी रक्कम मोजतात, ती तेव्हा धड खपत नव्हती, गिब्सनने तो आकारच बंद करून टाकला आणि पातळ, दोन शिंगांची बॉडी आणली जी आपण एसजी म्हणून ओळखतो. मग साठच्या दशकाच्या मध्यात इंग्लंडमधल्या पोरांनी या टाकून दिलेल्या गिटारी सेकंडहँड उचलल्या, एरिक क्लॅप्टनने १९६६ मध्ये लेस पॉल मार्शल कंपनीच्या कॉम्बो अँपला (अँप आणि स्पीकर एकाच पेटीत) लावून व्हॉल्यूम फुल्ल केला, स्टुडिओतल्या इंजिनियरांना तो आवाज फाटका वाटत होता, आणि तोच फाटका आवाज पुढच्या वीस वर्षांचा रॉकचा आवाज झाला. १९६८ ला गिब्सनने लेस पॉल परत सुरू केली. म्हणजे वाजवणारा पुढे गेला आणि कंपनी त्याच्या मागे आली. गिअरच्या इतिहासात ही दिशा वारंवार दिसते आणि जाहिरातीत नेमकी उलटी दाखवतात, जणू कंपनीने आवाज शोधला आणि वाजवणाऱ्याने तो विकत घेतला.

याचं सगळ्यात ठळक उदाहरण म्हणजे रॉक गिटारिस्ट एडी व्हॅन हेलन. याच्यावर मी जरा रेंगाळणार आहे. त्याला स्ट्रॅटचा ट्रेमोलो, म्हणजे सूर वरखाली करायची दांडी हवी होती आणि गिब्सनच्या हंबकर (दोन कॉइलच्या) पिकअपचा जाड आवाज हवा होता, आणि हे दोन्ही एकत्र कुठलीच कंपनी विकत नव्हती. तर त्याने ५० डॉलरला एक डिफेक्टवाली बॉडी घेतली, ८० डॉलरला नेक घेतला, स्वतःच्या गिब्सन ३३५ मधला पिकअप काढला, तो शिट्टी मारू नये म्हणून वितळलेल्या मेणात बुडवला, आणि बॉडीत तिरका बसवला, कारण गिब्सनच्या पिकअपवरचं तारांचं अंतर फेंडरच्या ब्रिजशी (बॉडीवर तारा टेकतात तो भाग) जुळत नाही, तिरका केला की जुळतं. बाकी वायरिंगच्या भानगडीत पडलाच नाही, एकच नॉब ठेवला, व्हॉल्यूमचा. ट्रेमोलो सपाट बसावा म्हणून खाली १९७१ सालचं २५ सेंटचं नाणं स्क्रूने ठोकलं. वरून सायकलचा लाल रंग. त्या गिटारने ऐंशीच्या दशकातल्या सगळ्या कंपन्यांची कॅटलॉग बदलली, एक हंबकर आणि ट्रेमोलो असलेल्या गिटारींचा पूर आला. आणि २००७ मध्ये फेंडरने एडीबरोबर मिळून त्याच गिटारची हुबेहूब कॉपी काढली, सिगारेटने जळलेले डाग, ओरखडे, ते नाणं, सगळं जसंच्या तसं, ३०० नग, प्रत्येकी २५,००० डॉलर.

यावर अनेक जण चिडतात, मी चिडत नाही. एडीने आपली अक्कल विकली, आपलं डिझाईन विकलं, अँपसुद्धा आधी पीव्ही कंपनीबरोबर आणि नंतर स्वतःच्या ब्रँडखाली खरोखर आपल्या कानाने घडवून घेतले, आणि त्या अँपवर हजारो मेटलवाल्यांनी आपापले आवाज बनवले. हा देवाणघेवाणीचा व्यवहार आहे. माझी हरकत कुठे सुरू होते तर जिथे कलाकाराचं नाव लावून आणि ग्राहकाची श्रद्धा वापरून बाजारच बांधून टाकला जातो. २०२० च्या जानेवारीत ब्रिटनच्या स्पर्धा नियामकाने फेंडरच्या युरोपातल्या कंपनीला ४५ लाख पौंडांचा दंड केला, कारण २०१३ ते २०१८ या काळात दुकानदारांना ऑनलाइन गिटारी ठरलेल्या किमतीच्या खाली विकू दिल्या जात नव्हत्या. आपण इथे पिकअपच्या तारेचे किती वेढे यावर भांडत बसतो, आणि नव्या शिकणाऱ्या पोराच्या खिशातून जास्तीचे पैसे कसे जातात यावर कुणी बोलत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आता गिटारवरून गाण्याकडे. १९६८ ला द डोअर्स या रॉक बँडच्या बाकी तिघांनी, गायक जिम मॉरिसन गावात नसताना, आपलं एक हिट गाणं ब्यूइक गाडीच्या जाहिरातीत वापरायला होकार दिला. आता हे गाणं मुख्यतः गिटारिस्ट रॉबी क्रीगरचं, तो स्वतः राजी होता, तरी मॉरिसन परत आल्यावर भयंकर भडकला. त्या चौघांचा करार होता की पैसे सारखे वाटायचे आणि प्रत्येकाला नकाराचा हक्क. तोच हक्क वापरून कितीतरी वर्षांनी ड्रमर जॉन डेन्समोरने कॅडिलॅकची १५ मिलियन डॉलरची ऑफर नाकारली, बँडमधल्या सोबत्यांशी वाकडं घेऊन, कोर्टापर्यंत जाऊन. मला हा नकार पटतो. गिटार विकली तर ज्याने घेतली तो त्यावर स्वतःचं काहीतरी वाजवतो. पण गाणं गाडीला चिकटलं की ते ऐकणाऱ्याच्या डोक्यातून गाडी काही जात नाही, म्हणजे जे ऐकणाऱ्याचं झालेलं होतं ते त्याला न विचारता विकलं गेलं.

गायक-गिटारिस्ट नील यंगने १९८८ मध्ये स्पॉन्सरशिपवर थेट टीका करणारं गाणं काढलं, एमटीव्हीने आधी व्हिडिओ दाखवायला नकार दिला आणि पुढच्या वर्षी त्यालाच व्हिडिओ ऑफ द इयर दिलं. तोच नील यंग २०२१ मध्ये आपल्या गाण्यांचे अर्धे हक्क एका गुंतवणूक फंडाला विकतो. लगेच ढोंगी म्हणू नका, घेणाऱ्यांनी तेव्हाच जाहीर सांगितलं होतं की ही गाणी बर्गरच्या जाहिरातीत जाणार नाहीत. पण २०२४ मध्ये तो फंडच ब्लॅकस्टोन या बड्या गुंतवणूक कंपनीने विकत घेतला. आता मालक बदलला, म्हणून मी म्हणतो की अट कागदावर असली पाहिजे, डेन्समोरकडे होती तशी.

आणि गिटारिस्ट टॉम मोरेलो. त्याचा बँड रेज अगेन्स्ट द मशीन, ते भांडवलशाहीवर तुटून पडायचे आणि रेकॉर्ड निघायच्या सोनीच्या एपिक लेबलवर, हा टोमणा त्यांनी पहिल्या दिवसापासून ऐकलाय. त्याची मुख्य गिटार त्याने ऑर्डर देऊन बनवून घेतलेली, ती त्याला मुळीच आवडली नाही, मग एकेक पार्ट बदलत गेला आणि शेवटी मूळची फक्त बॉडी उरली. आवाज शोधून शोधून कंटाळला तेव्हा आहे त्याच मार्शलच्या नॉबची सेटिंग्ज खुणा करून पक्की केली आणि नवा गिअर शोधणं बंद केलं. एका पिकअपचा व्हॉल्यूम शून्य, दुसऱ्याचा फुल्ल, आणि मधला स्विच बोटाने तालात खालीवर, झाला तुटक स्क्रॅचचा आवाज, जो कुठल्याही दुकानात मिळत नव्हता. २०२० ला फेंडरने त्याच्या दुसऱ्या एका गिटारचं सिग्नेचर मॉडेल काढलं. त्याने लेबलचे पैसे घेतले, फेंडरचेही घेतले, आणि गाण्यातला एक शब्द त्यांच्यासाठी बदलला नाही. घरी गेल्यावर त्याच्यासारखा तो स्विच हलवून बघा, दोन पिकअप आणि दोन व्हॉल्यूम असलेल्या कुठल्याही स्वस्त गिटारवर जमतं.