साबुदाण्याचा पासपोर्ट

(परभणीतल्या एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेत एका निवृत्त शिक्षकानं केलेलं भाषण, थोडी काटछाट करून.)

मंडळी, नमस्कार.

'जगात जर्मनी, भारतात परभणी' असं आपण लहानपणापासून म्हणत आलो. जर्मनीला कुणी विचारलं नाही, पण आपल्या बाजूनं तो विषय संपलेला आहे. मघाशी सूत्रसंचालकांनी माझी ओळख करून देताना 'अजब माहितीचे संग्राहक' असा शब्द वापरला. घरी याच गोष्टीला 'रिकामे उद्योग' म्हणतात. मी आयुष्यभर भूगोल शिकवला. पुस्तकात न बसणारं, परीक्षेत न येणारं काही सापडलं की लाल कापडी बांधणीच्या वहीत टिपून ठेवायचो. किराणावाल्याकडं असते तसली वही. आता सात झाल्यात. बायको त्यांना उधारीच्या वह्या म्हणते, कारण त्यातलं येणं काहीच नाही.

असल्या माहितीला इंग्रजीत ट्रिव्हिया म्हणतात. मूळ लॅटिन. 'त्रि' म्हणजे तीन आणि 'व्हिया' म्हणजे वाट. लॅटिनचा 'त्रि' आणि आपला 'त्रि' हे भाऊभाऊच. तीन वाटा मिळतात ती जागा, म्हणून मग तिथं भेटणारं, कुणालाही फुकट मिळणारं, किरकोळ. म्हणजे आपला पारच की. वडाखाली नाहीतर पानटपरीसमोर जे चालतं, त्याला हे नाव. तर आज पारावर बसल्यासारखंच बोलणार आहे.

सुरुवात आमच्या स्वयंपाकघरातून. आषाढी एकादशी होती. आई चुलीपुढं बसून साबुदाण्याची खिचडी परतत होती. मी तेव्हा नुकताच नोकरीला लागलेला, डोक्यात नवं वारं. म्हणालो, "आई, या कढईतलं आपलं काय आहे सांग." ती म्हणाली, "सगळंच आपलं. सायलूच्या बाजारातून आणलंय." मग मी एकेक सांगत गेलो. साबुदाणा ज्या कंदापासून करतात तो टॅपिओका, मूळचा दक्षिण अमेरिकेतला. शेंगदाणे दक्षिण अमेरिकेतले. बटाटा तिथल्याच अँडीज डोंगरांतला. हिरवी मिरचीही अमेरिकेतली. कोलंबस 1492 ला तिकडं पोचला नसता आणि 1498 ला वास्को द गामानं इकडची समुद्रवाट उघडून दिली नसती, तर यातलं एकही कढईत पडलं नसतं. राहता राहिले जिरे, तेही भूमध्य समुद्राकडचे. आई ऐकत होती, हात चालू होता. शेवटी तिनं विचारलं, "तूप?"

मी म्हणालो, "तूप आपलं."

"मग तूप खा जरा जास्त. आन् गप बस."

साबुदाण्याचं आणखी एक आहे. आपण खातो त्यातला बराचसा तमिळनाडूतल्या सेलम भागातून येतो. पूर्वी खरा साबुदाणा मलायाकडून यायचा, तो एका जातीच्या ताडाच्या खोडातून काढलेला. दुसऱ्या महायुद्धात ती आयात थांबली, तेव्हा सेलमकडं टॅपिओकापासून तसलाच पांढरा दाणा करायचा धंदा उभा राहिला. म्हणजे आपल्या ताटातला साबुदाणा हा खऱ्या साबुदाण्याच्या जागी बदलीवर आलेला मास्तर आहे. बदली कायम झाली, इतकंच. उपवासाच्या पदार्थांत भगर मात्र अस्सल इथली. ती भगर नको म्हणून पोरं तोंड वाकडं करतात.

आता तुम्ही म्हणाल, उपवासाचं सोडा, आपली भाकर तरी? या गावात हे बोलताना जरा भीती वाटते, कारण कृषी विद्यापीठ इथंच आहे आणि 'परभणी मोती' ही ज्वारीची जात त्याच विद्यापीठाची. पण ज्वारी आफ्रिकेतली आहे. सुदानच्या बाजूला माणसानं ती पहिल्यांदा शेतात आणली आणि सुमारे 4000 वर्षांपूर्वी ती आपल्याकडं पोचली. बाजरीही आफ्रिकेचीच. आता चार हजार वर्षं राहिलेल्याला पाहुणा म्हणायचं का, हा प्रश्न मी हुरडा खाताना सोडून देतो. हुरडा पुढं असताना प्रश्न विचारू नयेत.

इथून जवळच गंगाखेड. जनाबाईचं गाव. जनाबाई दळते, विठ्ठल मदतीला येतो, हे चित्र आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांपुढं आहे. आता त्या चित्रातलं जातं बघा. त्यात ज्वारी पडत असेल, बाजरी पडत असेल. पण जनाबाईनं आयुष्यात कधी मिरची कांडली नाही. तिनं ठेचा खाल्ला नाही. नामदेवांनी नाही, तेरच्या गोरोबांनी नाही, ज्ञानेश्वरांनीही नाही. तिखट हवं तर मिरी, आलं, पिंपळी. ज्ञानेश्वरी झाली 1290 मध्ये आणि मिरची यायला अजून दोनशे वर्षं होती. आली तेव्हा तिला नावसुद्धा मिरीवरूनच मिळालं. ज्याच्याशिवाय मराठवाड्याचं ताट पूर्ण होत नाही असं आपण छाती ठोकून सांगतो, ते आपल्या संतांच्या ताटात नव्हतं. मी हे पहिल्यांदा वाचलं त्या दिवशी जेवताना ठेच्याकडं बघतच राहिलो. खाल्ला, पण बघत राहिलो.

सीताफळाला आपण सीतेचं नाव दिलं, बालाघाटाच्या डोंगरात ते आपसूक उगवतं, बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकनही मिळालं. तेही अमेरिकेतलंच. चिंचेची तर अजून गंमत. झाड मूळचं आफ्रिकेचं. अरबांनी ते भारतात पाहिलं आणि नाव ठेवलं 'तमर हिंदी', हिंदुस्थानचा खजूर. त्यावरून इंग्रजी टॅमरिंड. म्हणजे गाव एकाचं, आडनाव दुसऱ्याचं. आणि एवढ्या सगळ्या आयातीत एक निर्यात मोजून ठेवा. देशभरातल्या बियाण्याच्या दुकानांत 'परभणी क्रांती' मागून बघा. भेंडीची जात आहे, केवडा रोगाला दाद न देणारी म्हणून नावाजली. क्रांती म्हटलं की लोकांना फ्रान्स आठवतो, शेतकऱ्याला भेंडी आठवते.

आता जी गोष्ट सांगायला मी खरं तर आलोय, ती. जालना जिल्ह्यात भोकरदन. आपल्यातले किती जण एसटीनं त्या रस्त्यानं गेले असतील, कितीकांनी तिथं उतरून चहा घेतला असेल. आता तिथून इटलीला जाऊ. इसवी सन 79 मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखी फुटला आणि पॉम्पेई नावाचं गाव राखेखाली गाडलं गेलं. 1938 मध्ये तिथल्या एका घराच्या खोदकामात एक हस्तिदंताची बाई सापडली. पंचवीसेक सेंटीमीटर उंच. म्हणजे आपली शाळेतली फूटपट्टी उभी धरली तर तिच्यापेक्षा थोडी ठेंगणी. अंगावर कपडा जवळजवळ नाही, पण दागिने भरगच्च. मनगटापासून वर बांगड्या, पायांत जाड वाळे, केसांची गुंफण. दोन बाजूंना दोन छोट्या दासी. तळाला खरोष्ठी या आपल्याकडच्या जुन्या लिपीतलं एक अक्षर. रोमन बाई अशी कधी दिसत नाही. ती होती इथली.

मग 1970 च्या दशकात भोकरदनला उत्खनन झालं आणि तिथं तशाच धाटणीच्या हस्तिदंती मूर्तीचा तुकडा मिळाला. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरलाही तिची बहीण शोभेल अशी मूर्ती सापडलेली आहे. म्हणून पॉम्पेईची ती बाई भोकरदनच्या कारागिरांनी घडवली असावी, असं मत अभ्यासकांनी मांडलं. 'असावी' हा शब्द मी मुद्दाम म्हणतोय, व्हॉट्सॲपवर टाकताना तो खोडू नका.

ती गेली कशी, हेही अंदाजानं सांगता येतं. त्याच पहिल्या शतकात एका ग्रीक जाणाऱ्या-येणाऱ्यानं समुद्री व्यापाराची माहिती लिहून ठेवली. 'पेरिप्लस' म्हणतात त्या पुस्तकाला. त्यात पैठण आहे आणि तगर म्हणजे आपलं तेर आहे. भडोच बंदरापासून दक्षिणेला पैठण वीस दिवसांची वाट, पैठणापासून पूर्वेला तेर दहा दिवसांची, आणि माल गाड्यांवरून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून बंदराला जातो, असं तो लिहितो. हसू नका, रस्त्यांचं हे दोन हजार वर्षांपूर्वीचं वर्णन आहे. तर एखाद्या बैलगाडीत, कापडाच्या गठ्ठ्यात गुंडाळून ही बाई हिंदकळत भडोचला गेली असेल, तिथून जहाजात. आज ती नेपल्सच्या संग्रहालयात उभी आहे. तेरची बहीण तेरच्या संग्रहालयात आहे. नेपल्सला जाणं जमणार नाही, तेरला जा. कुणी फारसं जात नाही.

थोडं पटापट सांगतो, घड्याळ बघतोय. निजामाच्या राज्यात रुपया वेगळा होता, हाली. ब्रिटिशांचा तो कलदार. सात हाली दिले की सहा कलदार मिळायचे. माझे आजोबा सोलापूरला जाऊन आले की हिशोब पुन्हा करायचे, कारण प्रत्येक वेळी काहीतरी सांडल्यासारखं वाटायचं. भारतात विलीन झाल्यावरही हाली लगेच गेला नाही, 1959 पर्यंत रेंगाळला.

मागच्या बाकावरच्या पोरांसाठी एक. ऑस्ट्रेलियात वॉम्बॅट नावाचा प्राणी आहे, तो चौकोनी ठोकळ्यांसारखी लेंडी टाकतो. खरंच. त्याचं आतडं सगळीकडं सारखं ताणत नाही, म्हणून असं होतं, हे शोधून काढणाऱ्यांना 2019 मध्ये गमतीचं म्हणून दिलं जाणारं इग नोबेल मिळालं. आमच्या शेजारच्या मावशी हे ऐकून म्हणाल्या, "म्हंजे गवऱ्या थापायचं कामच न्हाई की!"

आता माझी फजिती. कित्येक वर्षं मी वर्गात सांगायचो की चीनची भिंत चंद्रावरून दिसते. पोरं 'आ' करायची, मला बरं वाटायचं. एका वर्षी सातवीतली एक मुलगी उभी राहिली. वडील रस्त्याच्या कामावर मुकादम. म्हणाली, "सर, भिंत रुंद किती?" मी म्हटलं, पाच-सहा मीटर. ती म्हणाली, "आमचा हायवे त्याच्यापेक्षा रुंद आहे. मग तो का दिसत नाही?" वर्ग गप्प. मी भूगोलाचा मास्तर, हातात खडू. चंद्र 3 लाख 84 हजार किलोमीटरवर. तिथून पाच मीटरची वस्तू दिसणं शक्यच नाही, हा हिशोब मी एकदाही केला नव्हता. पुढं 2003 मध्ये चीनचा पहिला अंतराळवीर यांग लिवेई पृथ्वीभोवती फिरून आला, तेव्हा त्यानंच सांगितलं की भिंत काही दिसली नाही. आणि तो तर चंद्राच्या मानानं अंगणातच होता. ही थाप किती जुनी असेल? 1754 मध्ये एका इंग्रज विद्वानानं पत्रात असंच काहीतरी लिहिलंय. चंद्रावर माणूस जायच्या दोनशे पंधरा वर्षं आधी! तेव्हापासून वहीत मी दोन रकाने पाडले. एक 'पडताळलं', दुसरा 'नुसतं ऐकलं'. दुसरा रकाना जास्त भरतो. 'जन गण मन'ला युनेस्कोनं जगातलं सर्वोत्तम राष्ट्रगीत ठरवलं, हा निरोप त्यात पाच वेळा आहे. पाच वेगवेगळ्या नातेवाइकांकडून आलेला. युनेस्कोनं असं काही ठरवलेलं नाही, भावजींना मी सांगितलं, ते चार महिने बोलले नाहीत.

शेवटची एक, पडताळलेल्यातली. अजिंठ्याची दहा नंबरची लेणी. जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी शिकारीला आला, लेणी दिसली, आत शिरला आणि तिथल्या चित्रावरच आपलं नाव आणि तारीख कोरून ठेवली. 28 एप्रिल 1819. मकबऱ्याच्या भिंतीवर बदाम काढणाऱ्या आपल्या पोरांचा हा मूळ पुरुष. पण ते नाव आज शोधायला गेलात तर नजरेसमोर दिसत नाही, मान वर करावी लागते. स्मिथ काही ताडमाड नव्हता. लेण्यात शतकानुशतकं माती आणि दगडगोटे साचले होते, त्या ढिगावर तो उभा होता. नंतर ढीग उपसला, खाली खरी जमीन लागली, आणि साहेबाची सही डोक्याच्या वर लटकत राहिली.

चला, माझं झालं. तिसऱ्या रांगेतले काका केव्हापासून हात वर करून बसलेत, आणि त्यांच्याही हातात वही दिसतेय. माईक द्या त्यांना. काका, रकाना कोणता ते आधी सांगा.