भांगलणीचा पैरा

श्रोतेहो, नमस्कार.

पावसाळ्यात कोल्हापूरच्या माणसाला दोन आकडे झोपेतही आठवतात. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट. 2019 च्या ऑगस्टात पंचगंगा 55 फुटांच्याही वर गेली. महामार्ग बंद, पंपावर पेट्रोल नाही, चिखली-आंबेवाडीत माणसं माडीवर अडकलेली. लष्कर आलं, एनडीआरएफ आलं, त्यांचे उपकार आहेतच. पण त्यांच्याआधी पाण्यात उतरली ती तालमीतली पोरं, आणि मागं चुलीपुढं भाकऱ्या थापत होत्या त्या गल्लीतल्या बायका. कुणी हुकूम काढला नव्हता. अध्यक्ष म्हणाल तर तो पाणी ओसरल्यावर, फोटोच्या वेळी उगवला.

वरून हुकूम नसताना माणसं नीट वागतात का, हा प्रश्न आयुष्यभर धरून बसलेला एक रशियन माणूस होता, प्योत्र क्रोपोटकिन. जन्म 1842, घराणं राजकुळातलं. तरुणपणी लष्करी अधिकारी म्हणून सैबेरियात गेला. जगण्यासाठी एकाच जातीच्या प्राण्यांत जीवघेणी झुंज चालते, असं त्यानं वाचलं होतं. तिथल्या बर्फात ती शोधली, पण फारशी दिसली नाही. दिसले ते एकमेकांना धरून जगणारे कळप. पुढं हक्स्ली या इंग्रज शास्त्रज्ञानं त्या झुंजीवर लेख लिहिला, तेव्हा ह्यानं 1890 पासून उत्तरादाखल लेख लिहिले. 1902 साली त्या लेखांचं पुस्तक झालं. या सगळ्याच्या आधी रशियात तुरुंगवासही झाला होता. तिथून 1876 मध्ये तो निसटला तो मित्रांच्या जिवावर. वाट मोकळी असल्याचा इशारा जवळच्या घरातून व्हायोलिन वाजवून दिला होता म्हणे!

वरून हुकूम करणारं सरकार नसलं तरी माणसं एकमेकांना धरून नीट जगतात, या विचाराला अराज्यवाद म्हणतात. अराजक म्हटलं की आपल्याला दगडफेक आठवते, म्हणून जरा जपून सांगतोय. क्रोपोटकिनचं एक आवडतं उदाहरण होतं इंग्लंडच्या जीवरक्षक होड्यांचं. वादळात बुडणाऱ्यांना काढायला किनाऱ्यावरचे लोक आपखुशीनं होड्या घालतात, सरकारनं न सांगता. ते वाचताना मला आमच्या काहिली आठवल्या. गुऱ्हाळातली गूळ शिजवायची काहील पुरात लोटून त्यात म्हातारीकोतारी बसवून आणलेली आहेत लोकांनी.

आणि आठवली माझी आत्ती. भांगलणीला, म्हणजे शेतातलं तण खुरपायला, तिचा पैरा असायचा. आज पाच जणी हिच्या शेतात, उद्या ही त्यांच्या. वही नाही, सही नाही, सगळं डोक्यात. एखादी बाळंतीण झाली तर तिचा पैरा पुढच्या हंगामावर जायचा. एखादी मुद्दाम चुकवायला लागली तर पुढच्या वर्षी तिला कुणी हाक मारायचं नाही, एवढीच काय ती शिक्षा.

आता एक बोचणारी गोष्ट. पैरा व्हायचा तो शेत असलेल्यांत. ज्याला तुकडाच नाही, त्याच्याशी पैरा कसला? तो रोजगारानं यायचा. काहीजण बलुतेदारीलाही परस्परांचं सहकार्य म्हणतात, ते मला अजिबात पटत नाही. ज्याला ‘नाही’ म्हणायची मुभा नाही, त्याचं काम ही मदत नव्हे, वेठ आहे. आणि बघा, इथल्या महार वतनांचं, म्हणजे वतनाच्या जमिनीपायी पिढ्यानपिढ्या गळ्यात पडलेल्या गावकामाचं, जोखड 1918 मध्ये उतरलं ते शाहू महाराजांच्या हुकमानं. गावानं आपणहून उतरवलं नव्हतं. क्रोपोटकिन आज करवीरात असता तर त्याला हे मी विचारलं असतं, राजाशिवाय हे कधी झालं असतं?

आत्तीला एकदा त्या होड्यांची गोष्ट सांगितली. तिनं शांतपणे ऐकून घेतली. मग म्हणाली, “व्हय रं, पण ज्यास्नी काढलं, त्यांनी पैरा कसा फेडला?”

मी म्हणालो, “ते बुडणारे परक्या मुलखातले पण असायचे आत्ती, परत भेटायचे पण न्हाईत.”

“मग त्यो पैरा न्हवं,” असं म्हणून तिनं खुरपं उचललं. थोडं पुढं जाऊन वळली आणि म्हणाली, “पर चांगलंच हाय की ते.”