किडनीतले फुगे: हजारात किती?

सकाळचे साडेसहा. खानापूरहून आलेली लाल बस बेळगावच्या स्टँडवर लागते आणि पंचेचाळिशीतले एक काका उतरतात, हातात साडीच्या दुकानाची पिशवी, पण आत साडी नाही, फायली आहेत. आठवड्यातून तीनदा हीच बस, हीच पिशवी. बसचा बोर्ड कानडीत, रिपोर्ट इंग्लिशमध्ये आणि काका बोलतात आपल्या मराठीत.

"घरात सगळे ठणठणीत हायत बगा, मीच तेवढा डायलिसिसला जाऊलालोय."

फायलीतलं हे सोनोग्राफीचं चित्र बघा. साबणाच्या फेसासारखे काळे काळे गोल दिसतात ना, ते पाण्याने भरलेले फुगे, म्हणजे सिस्ट. चांगली किडनी असते दहा-अकरा सेंटीमीटर, यांची एकोणीस, आणि दुसरीही तशीच. आजाराचं नाव पॉलिसिस्टिक किडनी. (पोरींना होतो तो पीसीओडी वेगळा, त्याचा याच्याशी काही संबंध नाही.)

हा आजार घराण्यातून येतो. आई किंवा बाप, कुणा एकाकडून बिघडलेलं जीन आलं तरी पुरतं, आणि प्रत्येक पोराला चान्स निम्मा, मग मुलगा असो की मुलगी. आपल्याकडं लगेच बोलतात, मामाची पोरगी केली म्हणून असं झालं. तसं नाही हो! नात्यातल्या लग्नाचा संबंध येतो तो तान्ह्या बाळांत दिसणाऱ्या दुसऱ्या प्रकाराशी, आणि तो वीस हजार जन्मांत साधारण एखाद्यालाच.

मग मोठ्यांचा हा प्रकार आहे तरी किती जणांना? पुस्तकात बरेचदा लिहिलेलं असतं, चारशेत एक ते हजारात एक. आता 2011 च्या जनगणनेत बेळगाव जिल्हा होता 47 लाख 80 हजारांच्या आसपास. चारशेत एक धरलं तर बारा हजार पेशंट, हजारात एक धरलं तर पावणेपाच हजार. आणि 2017 मध्ये युरोपातले आकडे एकत्र करून बघितले तर दहा हजारात चारच निघाले, त्या हिशेबानं आपल्या जिल्ह्यात दोन हजारसुद्धा भरत नाहीत. जिल्हा तोच, माणसं तीच, मग एवढा फरक कसा काय?

कारण मोजायची पद्धत. डेन्मार्कच्या डालगार्ड डॉक्टरांनी 1957 मध्ये 284 पेशंट आणि त्यांची घरंच्या घरं तपासली, हजारात एकच्या आसपासचा अंदाज तिथला. अमेरिकेत मिनेसोटातल्या एका काउंटीत 1935 ते 1980 च्या नोंदी चाळल्या, तर जिवंतपणी सापडलेल्यांत पोस्टमॉर्टेममध्ये सापडलेले मिळवल्यावर आकडा जवळपास दुप्पट झाला. म्हणजे निम्मे लोक आपल्याला काय होतं ते न कळताच गेले. युरोपातला चारचा आकडा डॉक्टरांकडं निदान झालेल्यांचा, आणि 2018 मध्ये हजारो लोकांचे जीन बघून काढलेला आकडा दहा हजारात नऊच्या पुढं. मला तर हाच जास्त पटतो, कारण जीन काही दवाखान्यात जायची वाट बघत नाही.

माणूस मात्र बघतो. तिशी-चाळिशीपर्यंत दुखत नाही, खुपत नाही, नुसता बीपी वाढलेला असतो आणि तो टेन्शनवर ढकलला जातो.

काकांच्या आत्या नंदगडला असायच्या. पन्नाशीत पोट फुगून गेल्या, गाव म्हणालं पोटात गाठ होती. पोस्टमॉर्टेम कोण करतंय, त्या कुठल्याच आकड्यात नाहीत. काकांचे वडीलही बीपीनंच गेले असं घरी सांगतात.

आणि "ठणठणीत" धाकटा भाऊ, वय अडतीस, गोळी बीपीची. महिनाभर मागं लागल्यावर स्कॅनिंगला आला, बाहेर बाकावर मोबाइल बघत बसलेला, नंबर लागला तसा आत गेला. घरात हा आजार असला की चाळिशीच्या आतल्या माणसाला दोन्ही किडन्या मिळून तीन सिस्ट दिसले तरी निदान पक्कं धरतात. पोटावर गार जेल लावलं, मशीन फिरलं, डॉक्टर हळू आवाजात मोजत होते. एक. दोन. तीन.

पुढं मोजलंच नाहीत.