कोनशिलेवर नसलेले नाव

श्रोतेहो, नमस्कार.

आपल्या सोलापुरात पत्ता सांगायचा झाला की आपण आधी पुतळा सांगतो. ‘चार पुतळ्याजवळ उतरा’, ‘शिवाजी पुतळ्याला वळसा घालून या’, ‘आंबेडकर पुतळ्यासमोर थांबलोय’ ही वाक्ये दिवसातून किती वेळा आपल्या तोंडी येतात, याची मोजदाद कोणी केलेली नाही. रिक्षावाल्याला रस्त्याचे कागदोपत्री नाव सांगितले तर तो आपल्याकडे परगावच्या पाहुण्याकडे पाहावे तसे पाहतो. पुतळा सांगितला की रिक्षा निघते. अशा या रोजच्या ओळखीच्या वस्तूंबद्दल मी आज तुम्हांला एक साधा प्रश्न विचारणार आहे. तुमच्या घराजवळच्या चौकातला पुतळा कोणी घडवला? तो कोणाचा आहे, हे शाळकरी मूलही सांगेल. तो घडवला कोणी?

हा प्रश्न मी स्वतःला पहिल्यांदा विचारला तो शहरातल्या एका अर्धपुतळ्यासमोर उभा असताना. पहाटे सहाला, रहदारी सुरू होण्याआधी, हातात वही आणि शिंप्याची टेप घेऊन मी गेलो होतो. चौथऱ्यावरच्या संगमरवरी फलकावर एकूण तेवीस ओळी होत्या. अनावरण कोणाच्या शुभहस्ते झाले, अध्यक्षस्थानी कोण होते, प्रमुख पाहुणे कोण, स्वागतोत्सुक कोण, हे सारे त्यात होते. इतकेच काय, चौथरा बांधणाऱ्या ठेकेदाराचेही नाव होते. ज्याने महिनोन्महिने ओल्या मातीत तो चेहरा शोधला, त्या शिल्पकाराचे नाव मात्र तेवीस ओळींत कोठेही नव्हते. समोरच्या चहाच्या गाडीवाल्याला विचारले, तर तो म्हणाला, “पुतळा टेम्पोनं आला होता की. रात्री दोनला. खाली गाद्या घातल्या होत्या, आमच्याच घरच्या.” कोठून आला, हे त्याला आठवत नव्हते. पण त्या वर्षी त्याच्या थोरल्या मुलीचे लग्न झाले होते, त्यामुळे वर्ष पक्के होते.

त्या वर्षाच्या आधाराने मी वाचनालयात जुन्या वर्तमानपत्रांच्या बांधीव फाइली चाळल्या. अनावरणाची बातमी पहिल्या पानावर होती आणि तीतही शिल्पकार नव्हता. चार दिवस आधीच्या अंकात मात्र, आतल्या पानावर, बाजारभावांच्या शेजारी पाच ओळींची बातमी सापडली. ‘पुतळा शहरात दाखल’ असे तिचे शीर्षक होते आणि शेवटच्या ओळीत त्या मूर्तिकाराचे नाव व गाव होते. मग पुन्हा पुतळ्यापाशी गेलो, तेव्हा खांद्याच्या मागच्या कडेला, सोनेरी ऑइलपेंटच्या दोनतीन थरांखाली, कोरलेली दोन अक्षरे आणि एक सन दिसला. आदल्या वेळीही तो तेथेच होता. मी पुतळ्याच्या मागे गेलो नव्हतो, एवढेच.

श्रोतेहो, सार्वजनिक ठिकाणच्या कलाकृतींची नोंद विकिपीडियासारख्या मुक्त ज्ञानकोशात व्हावी आणि ती सोलापूरकरांनी स्वतः करावी, यासाठी आज मी बोलतो आहे. कलाकृती म्हणजे केवळ पुतळे असे मी मानत नाही. आप्पासाहेब वारद यांनी बांधलेल्या आणि पुढे महानगरपालिकेची झालेल्या इंद्रभुवनाच्या दर्शनी भागावर जे नक्षीकाम आणि मूर्तिकाम आहे, तेही यात येते. उड्डाणपुलांच्या खांबांवर, सरकारी इमारतींच्या कुंपणभिंतींवर रंगवलेली चित्रे येतात. ही भित्तिचित्रे सर्वांत अल्पायुषी असतात. आपल्याकडचा उन्हाळा तीन वर्षे सोसला की चित्रातला लाल रंग गुलाबी होतो, आणि चौथ्या वर्षी त्यावर कोणत्यातरी शिकवणीची जाहिरात येते.

चार पुतळ्यांचेच पाहा. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवडा तुरुंगात फाशी देण्यात आली. १९३० च्या मे महिन्यात सोलापुरात जो उद्रेक झाला आणि त्यानंतर येथे जो लष्करी कायदा पुकारला गेला, त्याचा तो शेवट होता. हा इतिहास लिहिलेला आहे, शाळेत शिकवला जातो. परंतु हुतात्म्यांचे चरित्र वेगळे आणि हुतात्म्यांच्या पुतळ्यांचे चरित्र वेगळे. पुतळे उभारावेत असे कोणाला वाटले, वर्गणी कशी जमली, छायाचित्रे उपलब्ध होती की चेहरे नातेवाइकांच्या आठवणींवरून घडवले, ओतकाम कोठे झाले, जागा कशी ठरली, या प्रश्नांची उत्तरे म्हणजे स्वातंत्र्योत्तर सोलापूरने आपला इतिहास कसा आठवायचे ठरवले, याचीच नोंद होय. कोणत्याही पुतळ्याला हे प्रश्न विचारता येतात.

ही कल्पना काही नवी नाही. अमेरिकेत १९८९ मध्ये उघड्यावरच्या शिल्पांची पाहणी करण्याची एक देशव्यापी मोहीम सुरू झाली. हजारो स्वयंसेवकांनी वही-पेन्सिल घेऊन तीस हजारांहून अधिक शिल्पांची नोंद केली. पुढे २००९ मध्ये इंडियानापोलिस शहरातल्या एका विद्यापीठात अध्यापकांनी विद्यार्थ्यांना आपल्याच आवारातल्या एकेका शिल्पावर विकिपीडियात लेख लिहायला लावले आणि त्यातून सार्वजनिक कलेचा स्वतंत्र विकिप्रकल्प, म्हणजे एकाच विषयावर मिळून लिहिणाऱ्या संपादकांचा गट, उभा राहिला. मला यातली आवडलेली गोष्ट ही की त्यांनी जगप्रसिद्ध शिल्पे शोधली नाहीत. रोज ज्यांच्या शेजारून वर्गात जात होते, तीच घेतली. आपले डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस यांचा पुतळा चीनमधल्या शिजियाझुआंगच्या हुतात्मा उद्यानात आहे आणि येथे भैय्या चौकाजवळ त्यांच्या घराचे स्मारक झालेले आहे. चीनमधल्या पुतळ्याचे छायाचित्र घरबसल्या पाहता यावे आणि आपल्या हद्दीतल्या स्मारकाविषयी शिल्पकाराच्या नावासकट चार ओळी लिहिण्याचे काम मात्र आपणच लांबवावे, हे मला तरी बरे वाटत नाही.

आता हे करायचे कसे? मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून सुरू आहे. त्यात कोणालाही सदस्य खाते काढता येते, त्यासाठी पदवी लागत नाही आणि पैसे तर मुळीच लागत नाहीत. नवख्या माणसाला सरावासाठी तेथे ‘धूळपाटी’ नावाचे पान असते. हा शब्द ज्याने कोणी निवडला त्याला माझा नमस्कार, कारण चुकले तर हाताने पुसावे आणि पुन्हा गिरवावे, हा धीर त्या एका शब्दात आहे. छायाचित्रे ‘विकिमीडिया कॉमन्स’ या भांडारात ठेवायची असतात. ‘विकिडेटा’ नावाचे तिसरे एक ठिकाण आहे, तेथे लेख न लिहिता केवळ तपशील भरायचे असतात: शिल्पकार कोण, साहित्य कोणते, उंची किती, अक्षांश-रेखांश काय. प्रत्येक पुतळ्यावर स्वतंत्र लेख टिकेलच असे नाही. ज्या विषयावर इतरांनी पुरेसे लिहिले आहे, त्याच विषयाला विकिपीडियात स्वतंत्र लेख मिळतो. परंतु गल्लीतल्या लहानशा अर्धपुतळ्यालाही विकिडेटावर जागा मिळू शकते आणि शहरातल्या पुतळ्यांच्या यादीत त्याची एक ओळ बसू शकते.

आणखी एक नियम येथे सांगितलाच पाहिजे, कारण उत्साही माणसे त्यावरच अडखळतात. विकिपीडियात आपण स्वतः लावलेला शोध लिहिता येत नाही. आधी कोठेतरी छापले गेलेले लिहायचे आणि ते कोठे छापले, हे सांगायचे. म्हणजे चहावाल्याची गादीची गोष्ट लेखात येणार नाही. मला याचे वाईट वाटले, हे कबूल करतो. पण त्याच गोष्टीने मला वर्ष दिले, वर्षाने अंक दिला, आणि अंकातली पाच ओळींची बातमी हा चोख संदर्भ ठरला. तेव्हा तोंडी माहिती गोळा कराच, ती वहीत तारखेनिशी लिहून ठेवा, आणि तिच्या बोटाला धरून छापील कागदापर्यंत जा. जुनी वर्तमानपत्रे, पालिकेचे ठराव, अनावरणाच्या वेळी निघालेल्या स्मरणिका, १८८४ चा सोलापूर जिल्ह्याचा गॅझेटियर, संस्थांचे वार्षिक अहवाल, असा हा कागद पुष्कळ ठिकाणी पडून आहे. स्मरणिका तर बहुतेक माळ्यावरच्या ट्रंकेत असतात आणि दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत जातात.

छायाचित्रांच्या बाबतीत कायदा माहीत असलेला बरा. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने सार्वजनिक जागी कायमस्वरूपी असलेल्या शिल्पाचे छायाचित्र काढण्याची व ते प्रसिद्ध करण्याची मुभा दिलेली आहे. इमारतींनाही तशीच सवलत आहे. पुतळ्याचा शिल्पकार हयात असला तरी तुम्ही काढलेले छायाचित्र तुम्ही मुक्त परवान्याखाली, म्हणजे कोणालाही वापरण्याची मोकळीक ठेवून, देऊ शकता. भित्तिचित्रांना मात्र ही सवलत लागू धरली जात नाही. चित्राचा हक्क चित्रकाराच्या हयातीत आणि त्याच्या निधनानंतर ६० वर्षे राहतो, म्हणून भिंतीवरच्या चित्राचा फोटो कॉमन्सवर चढवण्याआधी चित्रकाराची लेखी परवानगी घ्यावी लागते. यातही एक फायदा आहे: परवानगीसाठी चित्रकाराला शोधावे लागते, आणि तो सापडला की चित्राची सारी कहाणी त्याच्याच तोंडून ऐकायला मिळते. दुसऱ्याने काढलेला, व्हॉट्सॲपवर फिरत आलेला फोटो मात्र कधीही चढवू नका.

प्रत्यक्ष पुतळ्यापाशी गेल्यावर काय पाहावे, याबद्दल माझी पद्धत सांगतो. आधी चारही बाजूंनी फेरी मारायची, पाठीमागून सुद्धा, कारण शिल्पकार सही समोर करत नाही. मोबाइलचे लोकेशन सुरू ठेवायचे. सकाळच्या तिरप्या उन्हात चेहऱ्याचे बारकावे उठतात. दुपारी बाराच्या उन्हात टोपीची सावली पडून डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे येतात. फलकाचा मजकूर जसाच्या तसा, ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांसह उतरवून घ्यायचा. तो सुधारायचा मोह आवरायचा. चौथऱ्याची उंची आणि पुतळ्याची उंची वेगवेगळी लिहायची. फलकावर ‘पंचधातू’ लिहिलेले असले तरी ‘फलकानुसार पंचधातू’ असे लिहावे, कारण प्रत्यक्षात ते ब्राँझ असू शकते, किंवा ब्राँझचा रंग दिलेले फायबरही. तडा गेला आहे का, चष्म्याची काडी मोडली आहे का, रंग कितव्यांदा दिलेला दिसतो, हे त्या दिवसाच्या तारखेसह टिपून ठेवावे. उद्या रस्ता रुंदीकरणात तो पुतळा हलला, तर तो मुळात कोठे आणि कोणत्या दिशेला तोंड करून उभा होता, हे सांगायला तुमची वहीच उरेल.

पुतळ्याला हात लावू नका आणि चौथऱ्यावर चढू नका. आपल्याकडे पुतळा ही लोकांच्या जिव्हाळ्याची गोष्ट आहे. टेप घेऊन घिरट्या घालणाऱ्या अनोळखी माणसाकडे लोक संशयाने पाहतात आणि त्यांचे काही चुकत नाही. आधी शेजारच्या दुकानात जाऊन काय करतो आहोत ते सांगावे. मला तर एका ठिकाणी ज्यांनी दरडावून हटकले, त्यांनीच दहा मिनिटांनी शिडी आणून दिली आणि टेपचे दुसरे टोक धरले.

लिहिताना भाषा आवरा, ही विनंती मी विशेष करून आपल्या मराठी मंडळींना करतो. पुतळ्याविषयी लिहायला बसलो की आपली लेखणी आपोआप ‘युगपुरुष’, ‘तेजस्वी’, ‘स्फूर्तिस्थान’ या शब्दांकडे वळते. ते शब्द भाषणात शोभतात, ज्ञानकोशात चालत नाहीत. विनायक करमरकरांनी घडवलेल्या आणि १९२८ मध्ये पुण्यात उभारल्या गेलेल्या अश्वारूढ शिवछत्रपतींच्या पुतळ्याची नोंद करायची, तर शिल्पकाराचे नाव, सन, धातू आणि ओतकामाची हकिकत लिहावी. वाचणाऱ्याचा ऊर भरून यायचा असेल तर तो त्या तपशिलांनीच येईल.

आणि मराठीतच थांबू नका. सोलापूरच्या एकाच गल्लीत मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू बोलणारी घरे आहेत. या चारही भाषांत विकिपीडिया आहे. चौघा हुतात्म्यांच्या पुतळ्यांवरचा लेख पूर्व भागातल्या एखाद्या विणकराच्या मुलीने तेलुगूत लिहिला, किंवा अक्कलकोटच्या बाजूच्या एखाद्या शिक्षकाने कन्नडमध्ये नेला, तर तो अनुवाद करायला आपल्याला बाहेरगावचे कोणी शोधावे लागणार नाही.

सुरुवात केव्हा करावी, असे विचाराल तर एक दिवस सुचवतो. जयंतीच्या किंवा पुण्यतिथीच्या दिवशी जाऊ नका. हारांखाली पुतळा दिसत नाही आणि मंडपामागे फलक जातो. आदल्या दिवशी संध्याकाळी जा. पाण्याचा टँकर येतो, कोणीतरी पाइप धरून चौथरा धुतो, वर्षभराची धूळ निघून जाते, आणि ओल्या संगमरवरावरची बुजलेली अक्षरे पाणी वाळेपर्यंत, पाच-दहा मिनिटे, स्पष्ट वाचता येतात. वही आधीच उघडून ठेवा.