बॅटरी घेताना आधी तळहात बघा

श्रोतेहो, नमस्कार.

आपल्याकडे एक गंमत आहे. टॉर्चला आपण बॅटरी म्हणतो आणि तिच्यात घालतो ते सेल. तर आज त्या बॅटरीबद्दल.

परवा तपकीर गल्लीत गेलो होतो. दुकानदारानं तीन बॅटऱ्या काउंटरवर ठेवल्या आणि सुरू झाला, "काका, ही हजार ल्युमेन, ही दोन हजार." ल्युमेन म्हणजे एकूण उजेडाचं माप. मी एकेक पेटवली आणि स्वतःच्याच तळहातावर धरली. पहिल्या दोघींत हात अगदी राखाडी, रक्त आटल्यासारखा. तिसरीत बोटांच्या पेरांची लाली दिसली. ल्युमेन तिचेच सगळ्यात कमी होते. तीच घेतली.

असं का होतं? पांढरा एलईडी मुळात पांढरा नसतोच. आत निळा उजेड देणारी चिप, तिच्यावर पिवळसर फॉस्फरचा थर; दोन्ही मिळून डोळ्याला पांढरं भासतं. त्या निळ्या एलईडीसाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना 2014 मध्ये भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. पण साध्या एलईडीत लाल रंग तोकडा पडतो. रंग कितपत खरे दिसतील ते सीआरआय या आकड्यावरून कळतं. 100 म्हणजे पैकीच्या पैकी. साध्या बॅटऱ्या 70च्या आसपास, चांगल्या 90च्या वर. लाल वाढवला की ल्युमेन घटतात, म्हणून खोक्यावर हा आकडा सहसा सापडत नाही.

दुसरा आकडा केल्व्हिनचा, उजेड पिवळसर की निळसर ते सांगणारा. जुन्या पिवळ्या बल्बचा उजेड 2700, भर दुपारचं ऊन साधारण 5500, आणि ती डोळ्यांत घुसणारी निळसर बॅटरी 6500 किंवा वर. मला 4000 ते 5000 बरा वाटतो. राजगडाच्या वाटेवर पाचोळ्यात फुरसं बसलेलं असतं तेव्हा माती, पान आणि साप हे तीन तपकिरी वेगवेगळे दिसायला हवेत ना!

धुक्यात मात्र पिवळाच उजेड आरपार जातो म्हणतात, ते फारसं खरं नाही. धुक्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा कितीतरी मोठे. निळा काय, पिवळा काय, जवळपास सारखाच विखुरतो. पावसाळ्यात सिंहगड चढताना कपाळावरची बॅटरी काढून कमरेजवळ धरा. समोरची पांढरी भिंत निम्मी विरते.

आता सेल. अशा बॅटऱ्यांत चार्ज होणारा लिथियमचा सेल असतो, 18650. या नावातच माप आहे, 18 मिलिमीटर जाड आणि 65 लांब. 21700 त्याचा थोरला भाऊ. सेलमध्ये किती वीज मावते ते एमएएचमध्ये मोजतात; चांगला 18650 साडेतीन हजार एमएएचच्या आसपास असतो. त्यावर 9900 छापलेलं दिसलं तर खाली ठेवा. मी एकदा घेतला, तासाभरात मान टाकली त्यानं. आणि हे सुटे सेल किल्ल्यांबरोबर खिशात टाकू नका, शॉर्ट होऊन पेट घेऊ शकतात.

आईसाठी मात्र एका पेन्सिल सेलवर चालणारी घेतली. सेल संपला तर भिंतीवरच्या घड्याळातला काढून घालता येतो, हा तिचा हिशेब. गेल्या आषाढात मध्यरात्री लाइट गेले. सकाळी उठून बघतो तर घड्याळ पावणेतीनला थांबलेलं, आणि बॅटरी तिच्या उशाशी.