शाळा सुटली, वाटा फुटल्या

नमस्कार श्रोतेहो. कापूस वेचणाऱ्या, ओलितावर बसलेल्या सगळ्यांना नमस्कार. आज एका इंग्रजी अल्बमबद्दल बोलायचं आहे. नाव 'थ्री फ्रेंड्स', म्हणजे तीन मित्र. बँड इंग्लंडचा, 'जेंटल जायंट'. साल 1972. सहा गाणी, सुमारे 35 मिनिटं, आणि सहाही गाण्यांत मिळून गोष्ट एकच. एका शाळेतले तीन मित्र. पुढे एक रस्त्याच्या कामावर मजूर होतो, एक चित्रकार, एक ऑफिसातला साहेब. तिघं दुरावतात. गोष्ट एवढीच.

अशा अल्बमला कन्सेप्ट अल्बम म्हणतात, आणि या संगीताला प्रोग्रेसिव्ह रॉक. रॉकचे ड्रम आणि गिटार, त्यात जॅझचा सॅक्सोफोन, शिवाय पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताची एक जुनी रीत: दोन-तीन वेगळ्या चाली एकाच वेळी चालवायच्या. फिल, डेरेक आणि रे शुलमन हे तीन सख्खे भाऊ या बँडमध्ये होते. ऑर्गन-पियानोवरचा केरी मिनिअर लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये शिकलेला. ऐकताना एकच करा, एक आवाज धरा. फक्त एक. तो सुटला की दुसरा धरा.

आता गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाकडची गोष्ट सांगतो. झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या नाटकांचा हंगाम, गावात शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, आणि रात्री नाटक. दुपारी मी मंडपात गेलो तर ऑर्गन मास्तर सूर तपासत होते. आजकाल पुष्कळ मंडळींनी ऑर्गन काढून कीबोर्ड आणला. सोय होते, पण ऑर्गनचा भरीव सूर नाटकातून जातो, आणि तो जाऊ नये असं मला मनापासून वाटतं. असो. मास्तरांना म्हटलं, एक ऐकवू का? साऊंडवाल्या पोराने माझा मोबाईल मिक्सरला जोडला आणि 'स्कूलडेज' त्या धानाच्या बांध्यांवर घुमू लागलं.

गाण्यात माणसांचे आवाज. एक जण ओळ म्हणतो, ती संपायच्या आत दुसरा मागून येतो. खाली व्हायब्राफोन, धातूच्या पट्ट्यांवर काठ्या मारून वाजवतात तो. तबलजी मांडीवर मात्रा मोजत होता. मध्येच थांबला आणि ओरडला, "सम कुठी गेली?" मास्तर डोळे मिटून म्हणाले, "मोजू नको ना गा. पोट्टे शाळेत खेळून रायले. खेळात कोनी मोजते का?"

पुढे 'वर्किंग ऑल डे' लागलं, मजुराचं गाणं. जड, घासत चालणारं, त्यात सॅक्सोफोन. पडदे बांधणारा गडी दोरी हातात धरून उभाच राहिला. त्याला इंग्रजी येत नव्हतं. तरी म्हणाला, "हे काम करनाऱ्याचं हाये." मग चित्रकाराचं 'पील द पेंट'. आधी व्हायोलिन, शांत, सभ्य. आणि मग एकदम गिटार आणि ड्रम असे कोसळतात की चहावाला पोरगा दचकला. मास्तर मात्र हसले. आमच्या नाटकात नायक घर सोडतो तेव्हा मी असंच करतो, म्हणाले, आधी हळू, मग दोन्ही हातांनी.

साहेबाचं गाणं आलं आणि ते न थांबता शेवटच्या गाण्यात शिरलं. मास्तरांनी विचारलं, "काहो भाऊ, तिघं शेवटी भेटतेत का?"

मी म्हटलं, नाही.

"मग बराबर हाये," ते म्हणाले. "आमच्या नाटकात शेवटच्या अंकात सारे भेटतेत, म्हनून लोक घरी जातेत. पन माह्या वर्गातला एक पोट्टा नागपूरले गेला, त्याले मी पुन्हा पाह्यलंच नाही." आणि त्यांनी 'स्कूलडेज'ची ती चाल ऑर्गनवर उचलली. उजव्या हाताने एक आवाज, डाव्याने त्याच्या मागून येणारा दुसरा. तबलजी आता न मोजता ऐकत होता.

हे संगीत अवघड आहे, शिकलेल्यांसाठी आहे, असं म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही. रात्रभर चटईवर बसून नाटक पाहणाऱ्या आपल्या माणसांजवळ कान आहे आणि धीरही आहे. शाळाशाळांत संगीत शिक्षक नेमा, मग बघा.

तर श्रोतेहो, आता 'स्कूलडेज', साडेसात मिनिटांचं. मधे एका लहान मुलाचा आवाज येतो, तो फिल शुलमनचा मुलगा. मात्रा मोजू नका. एक आवाज धरा, सुटला की दुसरा धरा. लावा रे गाणं.